गाणं म्हणजे सातबारा नव्हे

(पोस्ट मोठी आहे. भांडायचं असेल तर आधी पूर्ण वाचा, मग कमेंटमध्ये या. मी इथेच आहे.)

गेल्या पंधरा दिवसांत मला एकाच प्रकारचे दोन व्हिडिओ किमान दहा-बारा ग्रुपांवरून आले. पहिल्यात एक तरुण सांगतो की जुन्या कोळीगीतांमध्ये एकवीरा आईची 'दडवलेली' कथा आहे. 'सारंगा' म्हणजे म्हणे विष्णूचं शार्ङ्ग धनुष्य. 'डोलकर' म्हणजे डोलणारा समुद्रदेव. डोंगर म्हणजे अमुक, होडी म्हणजे तमुक. सगळं जोडलं की सिद्ध होतं, कार्ल्याची देवी पहिल्यापासून पुराणातलीच. दुसऱ्या व्हिडिओत दुसरा तरुण तीच गाणी घेतो, तेच शब्द थांबवून थांबवून ऐकवतो आणि सिद्ध करतो की ही देवी म्हणजे बुद्धाची आई महामाया, बाकी सगळं नंतर चिकटवलेलं.

गाणी तीच, शब्द तेच, निकाल दोन. खाली कमेंटमध्ये आई-बहीण. आईच्याच नावाने.

मी या दोघांनाही ओळखत नाही. दोघांचा आवाज चांगला आहे, एडिटिंग झकास आहे. पण दोघांनी मिळून जे चालवलंय ते चुकीचं आहे, आणि का चुकीचं आहे ते सांगायचा मला थोडा जास्त अधिकार आहे. कारण हा उद्योग मी स्वतः केलेला आहे. तोही छापून.

२००८ ची गोष्ट. एका छोट्या साप्ताहिकात माझं सदर होतं. मी घाटावरचा. वडील माथाडी, वाशीच्या मार्केटात पोती उचलायचे. आम्ही कोपरखैरण्यात वाढलो. आगरी-कोळी पोरांबरोबर शाळेत बसलो, त्यांच्या हळदीत नाचलो, त्यामुळे आपल्याला सगळं कळतं असा समज. पत्रकारितेचा डिप्लोमा झालेला, त्यामुळे तो समज डबल. मी लेख लिहिला की कोळीगीतातला 'डोलकर' म्हणजे लाटांवर डोलणारा दर्याचा राजा, म्हणजेच वरुणदेव. कोळ्यांनी वेदातली देवता गाण्यात जपून ठेवली आहे. मला फार भारी वाटलं होतं. संपादकांनाही वाटलं. चौकट करून छापला.

दोन दिवसांनी दिवाळे गावातून एका वयस्कर काकांचा फोन आला. त्यांनी नमस्कार वगैरे काही केला नाही. थेट म्हणाले, "डोल म्हंजी जालं रं पोरा. तुना कोनी सांगलं डोलतं म्हनून?"

मित्रांनो, डोल हे जाळ्याचं नाव आहे. लांब, निमुळतं, पिशवीसारखं जाळं. भरती-ओहोटीच्या ओढीत ते तोंड उघडं ठेवून बांधून ठेवतात, पाण्याच्या जोराने मासळी आत येते. ज्याच्याकडे डोल तो डोलकर. संपला विषय. वरुणदेव वगैरे कोणी नाही, पाण्यात उभा राहून पोट भरणारा माणूस आहे.

आणि 'सारंगा'? सारंग म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस, तांडेलासारखाच मानाचा. हा शब्द फारसीतून आला आणि बंदरांबंदरांतून फिरला. इंग्रजांच्या जहाजांवरच्या खलाशांचा मुकादमही 'सरंग'च होता. शार्ङ्ग धनुष्याचा इथे काय संबंध?

अजून एक. ज्या गाण्यांमधून हे दोघे हजारो वर्षांचं रहस्य काढतायत, त्यातली सगळ्यात गाजलेली गाणी लिहिली शांता शेळके यांनी. संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं, आवाज लताबाई आणि हेमंतकुमारांचे. शांताबाईंचा जन्म इंदापूरचा. कोळ्यांच्या बोलीचा कान त्यांनी इतका सुंदर पकडला की ती गाणी कोळीवाड्याने आपली म्हणून घेतली, आजही लग्नात वाजतात. हा त्यांचा मोठेपणा. पण ती विसाव्या शतकात एका कवयित्रीने लिहिलेली, स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेली गाणी आहेत. त्यातून देवीच्या देवळाचा मालकी हक्क कसा काय निघणार?

हे खूळ आपलंच आहे असं नाही. कॉलेजात असताना आमच्या एका मित्राकडे इंग्रजी रॉकच्या कॅसेट्स होत्या. त्याने आम्हाला शपथेवर सांगितलेलं की लेड झेपेलिनचं 'स्टेअरवे टू हेवन' उलटं वाजवलं की सैतानाची प्रार्थना ऐकू येते. आम्ही पेन्सिल घालून कॅसेट उलटी फिरवायचा प्रयत्न केला आणि त्याच्या मोठ्या भावाचा मार खाल्ला. पुढे वाचलं तेव्हा कळलं की १९८२ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाच्या एका समितीसमोर खरोखरच ते गाणं उलटं वाजवलं गेलं होतं. त्याआधी १९६९ मध्ये बीटल्सचा पॉल मॅकार्टनी मेलाय आणि गाण्यांमध्ये त्याचे पुरावे लपवलेत, अशी आवई जगभर उठली होती. पॉल अजून जिवंत आहे आणि गातोय. म्हणजे गाण्यात सैतान शोधा, मेलेला माणूस शोधा नाहीतर देवी शोधा, पद्धत एकच. काय सापडायला हवं ते आधी ठरवायचं आणि मग कान लावायचा.

पण त्याच रॉकमधली दुसरी एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. फ्लीटवूड मॅक या बँडचं 'रिअ‍ॅनन' नावाचं गाणं आहे, १९७५ च्या अल्बममधलं. स्टीव्ही निक्सने ते लिहिलं तेव्हा तिला हे नाव एका कादंबरीत सापडलं होतं, कानाला गोड लागलं म्हणून घेतलं. रिअ‍ॅनन ही वेल्समधल्या जुन्या कथांची नायिका आहे, हे तिला नंतर कळलं. त्या मूळ कथेत काय आहे ठाऊक आहे? रिअ‍ॅननचं तान्हं मूल रात्रीतून नाहीसं होतं. सांभाळायला ठेवलेल्या बायका घाबरतात आणि आईनेच मूल मारलं असा बनाव करतात. तिला शिक्षा होते. रोज वेशीपाशी बसायचं, येणाऱ्या प्रत्येक परक्या माणसाला आपला 'गुन्हा' स्वतःच्या तोंडाने सांगायचा आणि त्याला पाठीवर बसवून दरबारात न्यायची तयारी दाखवायची.

हे वाचल्यावर मला थेट आपली रेणुका आठवली. एकवीरा म्हणजे एका वीराची, परशुरामाची आई, म्हणजेच रेणुका, असं एक स्पष्टीकरण सगळीकडे दिलं जातं. ते धरून चला. तर ही रेणुका कोण? एक क्षण मन विचलित झालं म्हणून नवऱ्याने शिक्षा फर्मावली आणि पोटच्या पोराने मान उडवली, ती आई. पुढे ती जिवंत झाली, देवी झाली. पुराणात ही गोष्ट बापाची आज्ञा पाळणाऱ्या मुलाची गोष्ट म्हणून येते. आईला काय वाटलं हे तिथे कोणी विचारलेलं नाही.

दोन्ही व्हिडिओ मी तीन-तीनदा पाहिले. त्यातही कोणी विचारलेलं नाही. देवी कोणाची यावर अर्धा-अर्धा तास. देवीचं काय झालं यावर एक शब्द नाही.

माझा राग इथे आहे.

बायकांची बाजू आपल्या गाण्यांत नाही का? आहे. भरपूर आहे. माझी आजी साताऱ्याकडे जात्यावर ओव्या म्हणायची. त्यात सीता असायची, पण रामनवमीच्या कीर्तनातली नव्हे. गरोदरपणी घराबाहेर काढलेली, रानात एकटी बाळंत झालेली सीता. जवळ सुईण नाही, माहेरचं कोणी नाही, आणि तिची समजूत घालायला येतात कोण, तर बोरी आणि बाभळी. काट्यांची झाडं. रामाला दोष देणारं एक वाक्य आजीने कधी उच्चारलं नसेल, पण दळता दळता ती कोणाच्या बाजूने होती हे घरातल्या पोराटोरांना कळायचं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून अशा लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आज त्या 'परी'च्या संकेतस्थळावर गाणाऱ्या बाईच्या नावानिशी, गावानिशी ऐकता येतात. माझ्या आजीची एकही नाही. ती गेली तेव्हा मी पत्रकार होतो, माझ्याकडे टेपरेकॉर्डर होता. मी त्यावर नगरसेवकांच्या मुलाखती घेत होतो.

आणि आता इथली गोष्ट.

आपल्या नवी मुंबईत, पनवेलात, उरणात आगरी लग्न लागतं तिथे धवलारीण असते. नवीन राहायला आलेल्यांसाठी सांगतो. धवलारीण म्हणजे लग्नाचे विधी गाण्यातून पार पाडणारी बाई. भटजीबरोबर, आणि पूर्वी तर भटजीशिवायही. मांडवात उंबराची फांदी रोवण्यापासून हळदीपर्यंत प्रत्येक विधीचा तिचा धवला ठरलेला. हे सगळं तोंडपाठ. वही नाही, पोथी नाही. ती आईकडून, सासूकडून, शेजारणीकडून शिकलेली असते.

'धवळे' हा शब्द मराठी साहित्याच्या पहिल्या पानावर आहे. तेराव्या शतकात महदंबेने श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे रचले, आणि ती मराठीची आद्य कवयित्री मानली जाते. तिचं रिद्धपूर, तिथे आता मराठी भाषा विद्यापीठ झालंय. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. त्याच शब्दाने ओळखली जाणारी लग्नाची गाणी बेलापूरच्या, उलव्याच्या, गव्हाणच्या मांडवात आज जिवंत आहेत, आणि हळदीच्या रात्री डीजे सुरू झाला की त्या म्हाताऱ्या बाईला सांगितलं जातं, "आजी, जरा आवरतं घ्या."

दिवाळ्याच्या त्या काकांनीच मला पुढे एका धवलारणीकडे नेलं. विमानतळासाठी जी दहा गावं उठली त्यातल्या एका गावात. साल २०१४. मी मोबाईल पुढे धरला आणि माझा ठरलेला प्रश्न विचारला, "आजी, एकवीरा आईची खरी गोष्ट काय?" तिने माझ्याकडे बघितलं, मला वाटतं कीव केली, आणि लग्नात सगळ्यात आधी देवांना बोलवायचं गाणं सुरू केलं.

मी वाट बघत होतो रेणुकेची, जमदग्नीची, परशुरामाची. आजी नावं घेत होती भलतीच. गावदेवी. वेशीवरचा देव. बांधावरचा देव. अमुक उघाडीपाशी बसलेला. तमुक खारीतला. मग डोंगरावरची आई. मग घरातले मेलेले, पितर. सगळ्यांना एकसारखं आमंत्रण. आई एकवीरा त्या यादीत होती, मानाने होती, पण ती एकटी नव्हती. तिच्यामागे अख्खं शिवार उभं होतं.

मी मध्येच थांबवून विचारलं, हे खारीतलं ठिकाण कुठे आलं? आजी म्हणाली, "ती आमची शेतां. आथां तिथं इमान उतरनार म्हनतान."

तेव्हा मला ते कळलं नाही, आज कळतं. ती देवांची यादी म्हणजे गावाचा नकाशा होता. कुठे बांध घालून समुद्र अडवला, कुठे उघाडी ठेवली, कुठली खार कोणी पिकवली. या जमिनी आकाशातून पडलेल्या नाहीत. कोकणाची जमीन परशुरामाने बाण मारून समुद्राकडून मिळवली अशी कथा आपण शाळेत ऐकतो. खारजमिनीचं तसं नाही. ती माणसांनी चिखल-मातीचे बांध घालून मिळवली, आणि बांध फुटला की दरवेळी पुन्हा घातली. ही गोष्ट सिडकोच्या नकाशात नाही. १९७० मध्ये सिडको आली, ९५ गावांच्या जमिनी शहरासाठी धरल्या गेल्या, खारींना सेक्टर नंबर पडले. जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान फाट्याला पाच शेतकऱ्यांनी गोळ्या झेलल्या, तेव्हा कुठे साडेबारा टक्क्यांचा विषय हलला. ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटन झालं. उलव्याची टेकडी गेली, नदीचं पात्र वळवलं. आजीच्या यादीतल्या निम्म्या देवांचा पत्ता आता धावपट्टीखाली आहे.

माझ्याकडे त्या गाण्याची किती मिनिटं आहेत? साडेतीन. मोबाईलची मेमरी फुल झाली. मी म्हटलं, "पुढच्या हळदीला येतो आजी, नीट रेकॉर्ड करतो." गेलो नाही. गाव उठलं, घरं पांगली, २०२१ मध्ये आजी गेली. बातमी मला दोन महिन्यांनी कळली.

म्हणून 'दडवलेली कथा' हा शब्द ऐकला की माझ्या डोक्यात तिडीक जाते. कोणी काही दडवलेलं नाही हो. ती बाई माईकशिवाय, मांडवाच्या मधोमध, चारशे लोकांसमोर गात होती. आपण ऐकलं नाही. आपल्या कानांचा दोष आपण गाण्याच्या रहस्यावर ढकलतोय.

आता काही जण म्हणतील, मग गाण्यांत इतिहास नसतोच का? असतो. पण तो काढायची रीत असते. दामोदर धर्मानंद कोसंबींचं 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' १९६२ चं. हा माणूस गणिती, पण देवीच्या ठाण्यांचा अभ्यास करायला सह्याद्रीच्या घाटवाटा पायी तुडवल्या, धनगर-कोळ्यांना विचारलं, जुने व्यापारी मार्ग आणि देवीची ठाणी यांचा संबंध मांडला. कार्ल्याचं चैत्यगृह सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं. तिथल्या भिंतींवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. वैजयंतीचा शेठ भूतपाल आहे, धेनुकाकटचे यवन आहेत. दगडातलं ते लिखाण वाचता येतं, त्यावर वाद घालता येतो. त्याच चैत्याच्या दाराशी आई एकवीरेचं देऊळ आहे आणि दर चैत्रात आपल्या गावांमधून पालख्या तिथे चालत जातात. लेणं बौद्धांचं आहे हे खरं. आई आगरी-कोळ्यांची आहे हेही खरं. दोन्ही शेजारी शेजारी उभं आहे आणि पालखी घेऊन जाणाऱ्या बाईला त्याचा त्रास होत नाही. त्रास मोबाईल हातात धरून बसलेल्यांना होतो. लेण्याचा प्रश्न शिलालेखांनी सोडवा, कागदपत्रांनी सोडवा. गाणं म्हणजे सातबारा नव्हे. त्याच्यावर बोजा चढवू नका.

आणि फक्त व्हिडिओवाल्यांना झोडून मी मोकळा होणार नाही. आपल्या शहरात फ्लेमिंगोला चौक मिळालाय, भिंतींवर होड्या, जाळी, डोक्यावर टोपली घेतलेल्या कोळणी रंगवल्यात. छान दिसतात. पण या शहराच्या कुठल्याही सार्वजनिक वाचनालयात जाऊन मी म्हटलं की मला इथल्या धवलारणींचे धवले ऐकायचेत, तर एक खोली, एक कपाट, एक हेडफोन आहे का? मला तरी दिसला नाही. भिंत रंगवायला पैसे आहेत, कारण भिंत बोलत नाही. आजी बोलते, आणि बोलली की जमिनीचं नाव निघतं.

आगरी समाजातली शहाणी माणसं स्वतःच सांगतायत की हळदीचा खर्च आवरा, दारू आवरा, डीजे आवरा. मी घाटावरचा माणूस, मी त्यांना शिकवणार नाही. माझ्याच लोकांनी जाती उकिरड्यावर टाकली आणि ओव्याही त्यांच्याबरोबर टाकल्या. हे सगळं मी त्याच लाजेपोटी लिहितोय.

तुळशीचं लग्न झालं की सीझन सुरू होईल. विनंती एवढीच:

१. तुमच्या घरात, आळीत, नात्यात धवलारीण असेल, किंवा जुन्या ओव्या येणारी कोणीही बाई असेल, तर लग्नाच्या गोंधळात नको, एखाद्या निवांत दुपारी तिच्याकडे जा. आधी मोबाईलची मेमरी रिकामी करा. (हे अनुभवाने सांगतोय.)

२. तिची परवानगी विचारा. तिचं नाव, गाव, माहेर, तारीख तिच्याच आवाजात घ्या. तिचे पैसे द्या. लग्नात डीजेवाल्याला देता तसे.

३. गाणं पूर्ण घ्या. कापू नका, खाली म्युझिक टाकू नका. शब्द कळला नाही तर तिला विचारा. गुगलला नको, मलाही नको. 'डोल' म्हणजे काय हे मला विचारलं असतंत तर मी वरुणदेव सांगितला असता.

४. जागांची नावं वेगळी लिहून काढा. खार, बांध, उघाडी, पाडा. शक्य असेल तर तिला गाडीत बसवून तिथे न्या. आज तिथे टॉवर असेल, कुंपण असेल. तरी न्या.

५. अर्थ लावायची घाई करू नका. देवी कोणाची हे ठरवायला पुढे पन्नास वर्षं आहेत. गाणाऱ्या बाईकडे तेवढी नाहीत.

नगरसेवक, सिडकोतले अधिकारी, ग्रंथालयवाले, कॉलेजातले मराठीचे सर-मॅडम यातले कोणी वाचत असतील तर एका खोलीची मागणी मी लेखी द्यायला तयार आहे. सही करायला कोण कोण येतंय ते कमेंटमध्ये सांगा.

आणि ते दोन्ही व्हिडिओवाले तरुण, तुमच्यापर्यंत ही पोस्ट पोहोचली तर राग धरू नका. तुम्हाला गाण्यात काहीतरी आहे असं वाटतं, हे चांगलंच आहे, शंभरातल्या नव्वदांना तेवढंही वाटत नाही. तुमच्याकडे चांगला कॅमेरा आहे, माईक आहे. माझ्याकडे साडेतीन मिनिटं आहेत, आणि ती ऐकून त्यातली ठिकाणं ओळखू शकतील अशी दोन-तीन म्हातारी माणसं अजून उलव्यात आहेत. या दोघेही. वाशी स्टेशनवर भेटू, माझ्या गाडीने जाऊ. वाटेत हवं तेवढं भांडा.

तिथे पोहोचल्यावर मात्र गप्प बसायचं आणि ऐकायचं.